सांगणाऱ्याचं नाव

वाघमारे मॅडमच्या समोर 'वगैरे' म्हणायची सोय नव्हती. हजेरी, परीक्षा, निकाल वगैरे सगळं एकाच ठिकाणी साठतं, असं कुणी बोलताबोलता म्हणून गेलं की त्यांचं टायपिंग थांबायचं आणि चष्मा कपाळावर चढायचा. "वगैरे म्हणजे कोण कोण?" त्या विचारायच्या. आवाजात राग नसायचा. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं असायचं. समोरचा मग एकेक नाव आठवून सांगायला लागायचा आणि बहुतेक वेळा तिसऱ्या नावाला अडकायचा. आमचंच सॉफ्टवेअर आम्हाला किती कमी माहीत आहे, हे आम्हाला असं कळत गेलं.

आमचं ऑफिस लातूरला, शिकवणीवर्गांच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. त्या वर्षांत दहावी झाली की मराठवाडाभरातून पोरं ट्रंका घेऊन लातूरला उतरायची. गल्लीतल्या घराघरांवर 'मुलींसाठी खोल्या' अशा पाट्या होत्या आणि वर्गांच्या वेळा बदलताना रस्त्यावर सायकली घालायला जागा नसायची. एवढ्या पोरांची हजेरी, सराव परीक्षा, निकाल आणि पालकांना जाणारा रोजचा मेसेज शिकवणीवाल्यांना कॉम्प्युटरवर हवा होता. त्याचं सॉफ्टवेअर आम्ही करून द्यायचो. संतोष सर मालक, इम्रान लातूरचाच, मी नांदेडहून आलेली, आणि मधूनमधून येऊन काम शिकून पुण्याला निघून जाणारे एक-दोघं.

मॅडम आल्या त्या मराठी टायपिंगसाठी. शिकवण्यांच्या ऑफिसात बसणाऱ्या कारकुनांना देण्यासाठी आम्हाला माहितीपुस्तिका हवी होती. मॅडम पन्नाशी ओलांडलेल्या, मूळच्या रेणापूरच्या. नांदेडला आरेखनाचा कोर्स करून त्या सरकारी कार्यालयात अनुरेखक म्हणून लागल्या होत्या. अनुरेखक म्हणजे मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर शाईनं हुबेहूब रेघा काढणारा माणूस. नकाशे कॉम्प्युटरवर व्हायला लागले तसं ते काम संपलं. मॅडमना आवक-जावक लिहायला बसवलं. तिथं जीव रमेना म्हणून मुदतीआधीच त्यांनी निवृत्ती घेतली. आमच्याकडे पहिल्या दिवशी येताना त्यांनी कंपासपेटी आणली होती. टायपिंगला तिचा काय उपयोग, असं इम्राननं विचारलं तेव्हा म्हणाल्या की असू दे, हाताला सवय आहे.

संतोष सरांनी त्यांना सांगितलं होतं की पुस्तिकेत काय लिहायचं ते ही पोरं सांगतील. पोरांनी भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर आमच्या सॉफ्टवेअरची मोठी आकृती लावलेली होती. रंगीत चौकोन, त्यांना जोडणारे बाण, खाली कंपनीचं नाव. काही वर्षांपूर्वी एका हुशार इंजिनिअरनं ती काढली होती आणि मग तो नोकरी सोडून गेला होता. कुणी नवा माणूस आला की आम्ही त्याला त्या आकृतीसमोर उभं करायचो. येणारा गिऱ्हाईकही तिच्याकडे बघून खूश व्हायचा.

मॅडम तिच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग वही घेऊन माझ्याकडे आल्या आणि एका हिरव्या चौकोनाबद्दल विचारलं. मी म्हटलं, तो भाग आम्ही मागच्या वर्षी काढून टाकला. मग त्यांनी एका बाणाबद्दल विचारलं. तो बाण उलटा होता. आणखी एका चौकोनाचं काम काय, हे मला सांगता आलं नाही, इम्रानलाही आलं नाही.

"मग ह्ये लावलंय कशाला?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, बदलायचं आहे, वेळ मिळाला की बदलू.

"रेघ मारलेला कागद कुणी बदलत न्हाई, मनीषा. जिवावर येतंय. मी तीस वर्षं बघितलंय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आमच्या सगळ्यांच्या मागे लागून चौकशी सुरू केली. प्रश्न अगदी साधे असायचे. हा भाग कुणाकडून माहिती घेतो, कुणाला देतो, दिली नाही तर काय अडतं. उत्तर मिळालं की त्या एका वाक्यात लिहायच्या. 'हजेरीचं यंत्र कार्डाचा नंबर हजेरीच्या यादीला देतं.' एका ओळीत एकच गोष्ट. आणि प्रत्येक ओळीखाली, थोडं आत सरकवून, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख. 'सांगणारा: इम्रान.' इम्रानला त्याचा वैताग यायचा. उद्या चुकलं तर माझ्या नावावर, असं तो म्हणायचा. मॅडम म्हणायच्या की चुकलं तर तुलाच येऊन विचारीन, दुसऱ्याला खामखा कशाला हैराण करू.

त्यांच्या त्या ओळी बघून मला एक गोष्ट आठवली. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये 'हा याला हे देतो' अशा ओळी लिहायच्या आणि त्यावरून आकृती आपोआप काढून घ्यायची, असं एक फुकट मिळणारं साधन होतं. मी कॉलेजात ते वापरलं होतं. मी त्यांच्या वाक्यांतली पंधराएक त्या पद्धतीनं मांडली, बटण दाबलं, आणि पडद्यावर चौकोन नि बाण उमटले.

मॅडम पडद्याजवळ सरकल्या. त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढून एक ओळ खोडली. पडद्यावरचा एक बाण गेला आणि बाकीचे चौकोन सरकून नीट बसले. त्यांनी ओळ परत लिहिली. बाण परत आला. असं त्यांनी पाच-सहा वेळा केलं. दुपारी डबा उघडून बसल्या, पण डब्यातली मुरमुऱ्यांची सुशीला तशीच राहिली.

"चुकीची रेघ निघाली की आम्ही ब्लेडनं शाई खरवडायचो," त्या मला म्हणाल्या. "हळूहळू, श्वास धरून. कागद फाटला की अख्खा नकाशा पुन्हा पहिल्यापासनं." मग म्हणाल्या, "म्हणजे आता रेघ आपण मारायचीच न्हाई. फक्त खरं काय ते लिहायचं."

आयुष्यभर जी गोष्ट त्या उत्तम करत आल्या होत्या, ती एका बटणानं होते हे बघून त्यांना वाईट वाटलं असेल, असं मला वाटत होतं. मी तसं विचारलंही. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि डबा बंद केला. त्यानंतरच्या महिनाभरात त्यांनी सगळ्या सॉफ्टवेअरच्या फाइली लिहून काढल्या. एका भागाची एक फाइल. वर मराठीत चार वाक्यांत तो भाग कशासाठी आहे ते, खाली ओळी, आणि त्यातून निघणारी आकृती. आम्ही कोड ठेवायचो त्याच ठिकाणी त्या फाइली राहायच्या, म्हणजे कोड बदलणाऱ्याला फाइल समोरच दिसेल. छापून भिंतीला लावू या, असं मी म्हटलं तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. भिंतीला टांगलं की ते तिथंच म्हातारं होतं, असं त्यांचं म्हणणं.

सांगणाऱ्याचं नाव लिहायची सवय कुठून आली, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. एका दुपारी वीज गेली होती, खाली झेरॉक्सचं यंत्रही बंद होतं, आणि आम्ही दोघी गॅलरीत बसलो होतो. मीच विचारलं.

भूकंप झाला तेव्हा त्या नोकरीत तशा नव्याच होत्या. पुनर्वसनाच्या कामावर त्यांना पाठवलं. ज्या गावाचं काम त्यांच्याकडे आलं तिथं घरं उरली नव्हती, दगडमातीचे ढीग होते. नवं गाव आखायचं तर जुन्या गावात कोण कुठं राहत होतं ते माहीत हवं. जुना नकाशा होता. त्यात वरची आळी होती, देऊळ होतं, चावडी होती. ओढ्याच्या खालच्या अंगाला बौद्धवस्ती होती, ती त्या नकाशात नव्हतीच. कागद ओढ्यापाशी संपला होता. मॅडमनी वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, अनुरेखकानं मूळ नकाशात नसलेली रेघ काढायची नसते. आणि ते खरंच होतं, असं मॅडम म्हणाल्या. शिकवताना पहिल्या दिवशी तेच शिकवतात.

मग त्यांनी रेघ काढली नाही. पत्र्याच्या शेडखाली वही घेऊन बसल्या आणि वस्तीतल्या माणसांना एकेक करून विचारलं. तुमचं घर कुठं होतं, उजव्या हाताला कोण, डाव्या हाताला कोण, मागं काय. ते सांगतील तसं लिहिलं. 'धोंडाबाईचं घर. उजवीकडे सखाराम. मागे चिंच. सांगणारी: धोंडाबाई.' एका घराबद्दल दोघांनी सांगितल्याशिवाय त्या ते पक्कं धरत नव्हत्या.

"शेजारी कोण, असं विचारलं की माणूस गप व्हायचा," त्या म्हणाल्या. "कारण शेजारी गेलेला असायचा. नाव घ्यायला जीभ उचलत न्हवती. मी थांबायची. घाई करायची न्हाई, असं ठरवलं होतं."

आठ दिवसांनी त्या वहीवरून त्यांनी नकाशा काढला आणि वही त्याला जोडून वरिष्ठांपुढे ठेवली. ते पानं चाळत राहिले. मग त्यांनी विचारलं की ही धोंडाबाई जिवंत आहे का. मॅडम म्हणाल्या, बाहेर बसली आहे, बोलावू का. त्यांनी बोलावलं नाही, पण नकाशा ठेवून घेतला. नव्या गावात ओढ्याखालच्या घरांना जागा मिळाल्या.

मी म्हटलं, म्हणजे तुमच्यामुळे सगळी घरं आली.

"सगळी न्हाई," मॅडम म्हणाल्या. "ज्यांचं सांगणारं कुणी उरलं न्हवतं, ती आली न्हाईत."

वीज आली तशा त्या उठून आत गेल्या.

मॅडमसोबत काम करणं सोपं होतं असं कुणी म्हणणार नाही. त्या सावकाश काम करायच्या. कोडमध्ये दोन ओळींचा बदल केला तरी फाइलमध्ये तो लिहिल्याशिवाय त्या आम्हाला जेवायला सोडत नसत. इंग्रजी शब्द त्यांना वर्ज्य नव्हता, पण बोलणाऱ्याला त्याचा अर्थ सांगता आला नाही तर त्या तो लिहून घेत नसत. "तुलाच मालूम न्हाई, मग लिहू काय?" असं म्हणून त्या पुढच्या प्रश्नाकडे वळायच्या. इम्रान त्यांना मागे 'तलाठी मॅडम' म्हणायचा. त्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या त्याला म्हणाल्या की तलाठी फार वरचा असतो, मला मोठं करू नकोस. पुढे त्याच इम्रानच्या बहिणीच्या लग्नात मांडवात कोण कुठं बसणार याची यादी त्यांनीच केली, आणि तीत 'व इतर नातेवाईक' असं लिहिलेलं एकही टेबल नव्हतं.

त्यांच्या फाइलींमध्ये एका ओळीखाली सांगणाऱ्याचं नाव नव्हतं. कार्ड हरवलेल्या विद्यार्थ्याला नवं कार्ड दिलं की त्याचा नवा नंबर मेसेज पाठवणाऱ्या भागाला कळतो, अशी ती ओळ. भिंतीवरच्या आकृतीत तसा बाण होता. मॅडमनी संतोष सरांना विचारलं, इम्रानला विचारलं, मला दोनदा विचारलं. आम्ही सगळेच म्हणालो की आकृतीत आहे म्हणजे असणार, बघून सांगतो. कुणी बघितलं नाही. त्यांनी ओळ लिहिली, पण तिचा बाण निघू दिला नाही. खाली लिहून ठेवलं: 'सांगणारा: कुणी नाही. भिंतीवर आहे.'

त्या वर्षी परीक्षांच्या आधी, एका दुपारी, इस्लापूरकडचे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आमच्या ऑफिसात आले. मुलगी अकरावीतली, खांद्यावर भरलेली बॅग. वडिलांच्या मोबाइलवर अकरा दिवस रोज संध्याकाळी मेसेज येत होता की तुमची मुलगी वर्गात गैरहजर आहे. ते आधी मुलीला फोनवर बोलले, मग पहाटेची गाडी धरून नांदेडमार्गे लातूरला आले, थेट मुलीच्या खोलीवर गेले आणि तिचं सामान बांधलं. शिकवणीच्या ऑफिसात हिशोब मिटवायला गेले तर तिथल्या कारकुनानं सांगितलं की हजेरीचं सगळं सॉफ्टवेअरवाल्यांकडे असतं, खात्री करायची तर तिकडे जा.

संतोष सरांनी त्यांना पडदा दाखवला. अकरा दिवस, अकरा वेळा गैरहजर. वडिलांनी मान डोलावली. त्यांना वाद घालायचा नव्हता. संध्याकाळची गाडी आहे, एवढंच ते म्हणाले. मुलगी दाराशी उभी होती. तिनं एकच वाक्य म्हटलं, "मी रोज येत होते." वडिलांनी तिच्याकडे बघितलं नाही.

मॅडम जागेवरून उठल्या. तिला आपल्या टेबलाजवळ खुर्ची दिली, वही उघडली आणि विचारलं, "सकाळी उठल्यापासनं कुठं कुठं जातेस, ते एकेक सांग बाई."

मुलगी सांगायला लागली. खोली, मेस, वर्गाचं दार, दारातलं यंत्र. मॅडम लिहीत होत्या. यंत्राला कार्ड लावते, हिरवा दिवा लागतो, मग आत जाते. रोज लागतो का, मॅडमनी विचारलं. रोज लागतो. मग ती म्हणाली की मधे एकदा कार्ड हरवलं होतं, दुसरं दिलं, त्यालाही लागतो.

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती ओळ मला आठवली. मी मुलीकडून नवं कार्ड घेतलं आणि त्यावरच्या नंबरनं हजेरीची यादी काढली. अकराही दिवस ती हजर होती. वेळेसकट. एकदाही उशीर नव्हता. मेसेज पाठवणारा भाग मात्र जुनाच नंबर शोधत होता, आणि तो नंबर दिसत नाही म्हणून घरी गैरहजेरी कळवत होता. भिंतीवरच्या त्या बाणाचं काम कोडमध्ये कधी कुणी केलंच नव्हतं. आकृती काढणारा इंजिनिअर ऑफिसात होता तोवर नंबर हातानं बदलून देत असणार. तो गेल्यावर ते थांबलं. त्याआधीही काही पोरांची कार्डं हरवली असतील. त्यांनीही घरी सांगितलं असेल की मी येत होतो.

मॅडमनी वडिलांना जवळ बसवलं आणि फाइलमधल्या ओळी वाचून दाखवल्या. कार्ड यंत्राला नंबर देतं. यंत्र यादीला देतं. मेसेजवाला भाग यादी वाचतो. इथं चुकतं. वडील ओळीमागून ओळ ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे पोरगी खरं बोलून राहिली होती."

"हाव," मॅडम म्हणाल्या.

"मी लई बोललो हिला. फोनवर."

मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली होती. वडील उठले, तिच्या खांद्यावरची बॅग काढून आपल्या हातात घेतली आणि पुन्हा बसले. मग त्यांनी मॅडमना विचारलं की हे सगळं कागदावर लिहून मिळेल का. गावात दहा जणांना सांगून आलो होतो, असं ते म्हणाले.

संतोष सरांनी मला आणि मॅडमना आतल्या खोलीत बोलावलं. त्यांचं म्हणणं होतं की चूक आजच दुरुस्त करू, शिकवणीवाल्यांना तोंडी कळवू, पण लिहून द्यायचं नाही. एवढी मोठी शिकवणी हातची गेली तर ऑफिस चालवायचं कसं. ते घाबरले होते आणि त्यांचं घाबरणं खोटं नव्हतं.

मॅडमनी ऐकून घेतलं. "तुमचं बराबर हाय, सर," त्या म्हणाल्या. "पण ती पोरगी सांगत होती तेव्हा आपण यंत्राचं ऐकलं. आता आपण सांगायचं, तर नाव लपवायचं का?"

मॅडम बाहेर आल्या आणि मराठीत सहा ओळी टाइप केल्या. खाली लिहिलं: सांगणारी, म्हणून मुलीचं नाव. लिहिणारी: श. वाघमारे. मधे एक जागा मोकळी होती. तपासणारी. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. दोनदा विचारलेलं मी बघितलं नव्हतं, आणि आता बघितलं होतं. मी सही केली. करताना संतोष सर दारात उभे आहेत हे मला दिसत होतं.

मुलगी त्या दिवशी गावी गेली नाही. वडील एकटेच गाडीत बसले.

ती शिकवणी पुढच्या वर्षी आमच्याकडून गेली. त्या कागदानंतर संतोष सर आठ दिवस मॅडमशी कामापुरतंच बोलत होते, आणि मॅडम रोजच्यासारख्या वेळेवर येऊन, पेन्सिलीला टोक करून, कामाला लागत होत्या. एका सकाळी आम्ही आलो तेव्हा भिंतीवरची आकृती काढलेली होती. संतोष सरांनी स्वतः काढली होती. त्या दिवसापासून फाइल लिहिल्याशिवाय कोड पुढे जायचा नाही, असा नियम झाला. ऑफिस बंद पडलं नाही. अडचणीचं एक वर्ष गेलं, मग लहान लहान शिकवण्या येत गेल्या.

मी पुढे आईच्या आजारपणामुळे नांदेडला परत आले आणि एका कॉलेजात लागले. माझ्या वर्गातली मुलं सॉफ्टवेअरच्या सुंदर आकृत्या काढून आणतात. मी एका बाणावर बोट ठेवून विचारते की हे तुला कुणी सांगितलं. बहुतेकांना राग येतो. मॅडमनीही दोन वर्षांनी काम सोडलं आणि रेणापूरला भावाकडे राहायला गेल्या. फोन व्हायचे. त्यांच्या दोन पुतण्यांना त्यांनी कॉम्प्युटरवर फाइल लिहायला शिकवलं होतं, ते त्या कौतुकानं सांगायच्या.

मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मला कळलं ते इम्रानच्या फोनवरून, चार दिवस उशिरा.

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात लातूरला जाताना मी रेणापूरला उतरले होते. त्या घरी नव्हत्या. भावजय म्हणाली, पाणीवाल्या म्हाताऱ्याबरोबर गेल्यात, महिनाभर हेच चाललंय. गावाची पाण्याची लाइन जमिनीखाली कुठून कुठं जाते आणि कुठला व्हॉल्व्ह कुठल्या आळीचा, हे त्या एकट्या म्हाताऱ्याला माहीत होतं. तो आता थकला होता. मॅडम त्याच्यासोबत गल्लीगल्लीतून फिरून त्याच्याकडून ते उतरवून घेत होत्या.

मला त्या शाळेच्या मागे सापडल्या. पाच मिनिटं बोलल्या, आईची चौकशी केली, आणि थांब म्हणाल्या, एवढा एक व्हॉल्व्ह झाला की घरी जाऊ, जेवून जा. पण तो एक होईना. म्हातारा वरच्या आळीला जाऊन चावी फिरवायचा, मॅडम इथं लोखंडी झाकण उघडून खाली वाकायच्या, पाण्याचा आवाज येतो का ऐकायच्या, मान हलवायच्या, वहीत लिहायच्या, आणि पुढच्या झाकणाकडे जायच्या. माझी लातूरची बस आली. मी हाक मारून सांगितलं की निघते. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. बस वळली तेव्हा मी खिडकीतून बघितलं. मॅडम गुडघ्यांवर बसल्या होत्या, कान झाकणाच्या तोंडाशी. मग त्यांनी एकदम हात वर केला. पाणी आलं होतं, आणि ते त्या वरच्या आळीतल्या म्हाताऱ्याला सांगत होत्या. हात माझ्यासाठी नव्हता हे मला कळत होतं. तरी मीही खिडकीबाहेर हात काढला.